सहा नंबरचा जोड

लेक : पण साच्यावर ताणून सैल होईल ना, काका? डावा तेवढाच.

दुकानदार : होईल. पण हा बूट काही आमच्या दुकानातला नाही.

लेक : मोबाईलवरून मागवलाय. मारा टोमणा, ऐकून घेते.

दुकानदार : टोमणा कशाला? आहे कुणाचा?

लेक : आईचा.

दुकानदार : बाईंचा? त्या नाही आल्या?

लेक : डॉक्टरांनी चालणं बंद केलंय. डाव्या करंगळीला जखम झाली. साखरेमुळे पाय बधिर, तिला कळलंच नाही. मोजा रक्ताने चिकटला तेव्हा मी पाहिलं. बोट ठेवायचं की काढायचं, ते सोमवारी ठरेल.

दुकानदार : देवा रे! पोरी, हा तर सहा नंबर.

लेक : सहाच तर आहे तिचा. वीस वर्षं तुमच्याकडचा सहाच घालतेय. गेल्या महिन्यात इथेच घालून पाहिला की!

दुकानदार : बस जरा.

लेक : बसायला वेळ नाही हो.

दुकानदार : तरी बस. बाईंचा उजवा सहा आहे. डावा सात.

लेक : म्हणजे?

दुकानदार : पाय मोडला होता ना त्यांचा, तेव्हापासून. प्लास्टर काढून आल्या आणि इथे रडल्या. म्हणाल्या, "एक पाय हत्तीचा झालाय, वर्गात पोरं हसतील." मग मी दोन जोड फोडायला लागलो. उजवा सहातला, डावा सातातला. सातचा आकडा घासून काढायचा आणि दोन्ही सहाच्या खोक्यात. बाईंना म्हणायचो, सूज उतरली, दोन्ही पाय सारखे.

लेक : वीस वर्षं?

दुकानदार : उरलेल्या बुटांनी माळा भरलाय. बायको म्हणते, एका पायाच्या माणसांचं गाव वसवा आता.

लेक : मग गेल्या महिन्यात का नाही बोललात?

दुकानदार : तू खोक्याचा फोटो काढलास. मला आरशात दिसलं.

लेक : काका...

दुकानदार : मी ओळखलं, आता मोबाईलवरून मागवणार. तुम्हाला सोडायला दारापर्यंत आलो, अगदी जिभेवर आलं होतं. मग मनात म्हटलं, जाऊ दे. चावला बूट की झक मारत येतील परत.

(ती बूट उचलून मांडीवर घेते.)

लेक : तिला चावलेलं कळत नाही, हे ठाऊक होतं तुम्हाला?

दुकानदार : साखरेचं नव्हतं ठाऊक. पण असतं तर बोललो असतो, हेही छातीवर हात ठेवून सांगवत नाही. रोज देवाला म्हणतो, माझ्या हातून कुणाचं वाईट होऊ देऊ नकोस. आणि हे केलं.

लेक : ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, घालताना जोर लागतोय. परत पाठवायचा तर पुन्हा खोकं बांधा, न्यायला येणाऱ्या माणसाची वाट बघा. मी म्हटलं, नव्याला लागतोच. टाचेला बुटाचा चमचा लावून मीच पाय आत सरकवला, काका.

दुकानदार : तुला काय माहीत असणार!

लेक : समजूत नका घालू.

दुकानदार : शटर ओढतो. तुझ्याबरोबर येतो.

लेक : माप घ्यायला?

दुकानदार : सांगायला. रागावू देत बाई, बोलू देत हवं तेवढं.

लेक : ती रागावणार नाही, खचेल. येईल त्याला ती सांगते, मोडलेला पाय माझा अगदी पहिल्यासारखा झाला.

दुकानदार : मग... नको सांगू?

लेक : चला तर आधी. रस्त्यात ठरवू.