महाकडी

— आवडला? तुम्हाला आवडला? बरं बाई, ज्याची त्याची आवड. बसा ना, या खुर्चीवर नुसती माझी पिशवी आहे. मला विचाराल तर या सिनेमाला ना शेंडा ना बुडखा. कार्टून आहे म्हणून काय वाट्टेल ते खपवायचं? पोरगा पहिल्या दहा मिनिटांत अनाथ होतो — होणारच, आईबाप जिवंत असले की यांच्या हिरोंना शक्ती येत नाही वाटतं — आणि मग एकदम मोठा. मध्ये काय? मध्ये नुसतं गाणं. गाण्यावर पोर वाढतं का हो? ताप आला तेव्हा उशाशी कोण बसलं? गणितात नापास होऊन पलंगाखाली दडला, त्याला बाहेर कुणी काढलं? आणि शेवटी छाती काढून म्हणतो काय, ‘मला कुणी वाढवलं नाही, मी स्वतः वाढलो’ — मागे कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. आपोआप वाढतं ते तण.

दिग्दर्शक ना? तो काय, पोस्टरपाशी, ज्याच्याशी सगळे हात मिळवतायत — एवढ्या उकाड्यात गळ्यात मफलर बघा. माझा भाचा. सख्ख्या भावाचा मुलगा. अहो, तुम्ही कशाला ओशाळता, तुम्ही चांगलंच बोललात, वाईट मी बोलतेय. आणि बोलणार. मीच लहानाचा मोठा केलाय त्याला.

आणि सिनेमातली ती दुष्ट बाई — महाकडी म्हणे! बोटांच्या जागी लोखंडी कड्या, आणि गावभर खिडक्या लावत सुटते. का लावते? काही कारण नको? तुमच्या मुलीने तोंड लपवलं ना तिला बघून, मी पाहिलं. डोक्यावर चष्मा ठेवून चष्मा शोधते, प्रत्येक वाक्याला ‘सांगून ठेवते’ म्हणते — ‘आत ये, सांगून ठेवते’ — आणि सगळं थिएटर खो खो हसतंय. त्यात हसण्यासारखं काहीही नव्हतं, सांगून ठेवते — हं. आलं बघा तोंडात. आमच्या बिल्डिंगमधली पोरं मला कडीआत्या म्हणायची. याने आत्या काढलं आणि महा लावलं. एवढीच याची कल्पनाशक्ती.

लावत होते मी कड्या, नाही कोण म्हणतं? पण का, ते याने सिनेमात घातलं नाही, म्हणून मी सांगते. भाऊ-वहिनी एकाच अपघातात गेले, हा पाच वर्षांचा. भेटायला आलेल्या एका बाईने याच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, आईबाबा वर गेले रे राजा. तिचंही चुकलं नाही, आपण म्हणतोच तसं. पण पोर ते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. हा गेला वर — चौथ्या मजल्यावरच्यांची बेल वाजवून विचारून आला, आमची आई आलीय का म्हणून. मग गच्चीवर गेला, पाण्याच्या टाकीमागे बघितलं. तिथेही नाहीत म्हटल्यावर त्याहून वर कसं जायचं, एवढाच प्रश्न उरला त्याला. टॉवेल बांधला खांद्यांना आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत चढला. मी भांडी घासत होते. धावले, घोटा धरला त्याचा — पण दोन्ही हात साबणाचे — खाली पहिल्या मजल्याचा पत्रा होता म्हणून मांडीच्या हाडावर निभावलं. त्यानंतर माझ्या घरात प्रत्येक खिडकीला वर एक, खाली एक कडी. गुदमरतो म्हणायचा. गुदमर म्हटलं, पण आत गुदमर.

त्या दिवसाबद्दल त्याने कधी विचारलं नाही, मी काढलं नाही. पण इतकी वर्षं एकच भीती घेऊन बसलेय — त्याला आठवतं काय? मी धरलं होतं, हे आठवतं, की मी सोडलं, हे? नाहीतर असल्या सिनेमाला मी कशाला येते! त्या एका सीनसाठी आले. आणि आला की तो — खिडकी, टॉवेल, ती मागून धावत येतेय — आणि मी डोळे मिटून घेतले. घट्ट. टाळ्या ऐकल्या फक्त. उघडले तर हा आभाळात.

तुम्ही तर बघितलंत ना? मग एवढं सांगा — ती खिडकीपाशी पोचते तेव्हा — काय करते? ढकलते?

धरते? पायाला?

आणि सुटतो कसा मग? — निसटतो. तिने सोडलेला नाही. नक्की? तुमच्या मुलीला विचारा, मुलं नीट बघतात. — कड्या तुटतात, पण ती सोडत नाही. असं म्हणतेय का ती?

बरं.

उठा आता तुम्ही, पोरगी पेंगायला लागलीय. तो इकडेच येतोय. त्याने विचारलं तर त्या सीनचं मी विचारलं हे सांगू नका. सांगा, त्या बाईंना अजिबात आवडला नाही. जा, जा लवकर.