रुईच्या गाठीत निळा पदर

हॅलो?… हॅलो, नीलम?… हो, मीच लावला होता. चारदा लावला. …असू दे, मीटिंग असू दे. आता बोलता येते नं तुले?

नाही नाही, माही तब्येत बरी आहे. …जेवलो. …अवं, जेवलो म्हणतो नं. डबा खाल्ला, धुऊन ठेवला. तू ऐक आधी.

गाडी आली का तुह्यापाशी? …आपली, जिनिंगची. मोतीराम सकाळी कंटेनर घेऊन निघाला अकोल्याहून. …नाही आली अजून? बरं झालं. …काहून बरं झालं ते सांगतो. त्याचा फोन बंद आहे, नाही तर त्यालेच मूर्तिजापुरात थांबवलं असतं. अमरावतीत तो तुह्याच ऑफिसातून जहाजाची कागदं घेते नं? …पक्कं?

मग त्याले कागदं देऊ नको.

…देऊ नको म्हणतो. …हो, माहीत आहे, नागपूरहून आजच मालगाडी आहे. …जहाज चुकते, तेही माहीत आहे. म्हणून तर तुले लावला, शेठले नाही लावला.

…नाही, गजेंद्र शेठले काहीच माहीत नाही. तू त्यायले फोन करू नको. आधी माहं पुरं ऐकून घे. मधे बोलू नको.

सकाळी गाडी फाटकाबाहेर गेली आणि थोड्या वेळानं शेठनं सगळ्यायले अंगणात बोलावलं. कापूस निवडणाऱ्या बाया, आमी गाठी दाबणारे प्रेसवाले, हमाल, सगळे. म्हणे, पोर्तुगालच्या मिलचा मेल आला. …हो, तीच. दवाखान्याच्या पट्ट्या बनवणारी, आपली सगळी चांगली रुई घेणारी. तिकडं गॅस इतका महागला म्हणे की त्यायनं तीनपैकी दोन बॉयलर बंद केले. माणसं घरी पाठवली. पुढच्या हंगामात आपल्याकडून अर्धाच माल घेणार.

…तुले कालच माहीत झालं होतं? मग सांगितलं काहून नाही मले? …हं. …हं. मले कशाचा त्रास होते? मी काय बॉयलर आहे का बंद पडायले?

…अर्धा माल म्हणजे अर्ध्या बाया. शेठ तसं बोलले नाही, पण समजलं सगळ्यायले. एकीनं डोक्याचं पांढरं फडकं सोडलं आणि पुन्हा बांधलं, तेवढंच.

नाही, त्याच्यासाठी गाडी थांबवायची नाही. पुढं ऐक. त्या मेलमधे अजून एक गोष्ट होती. …हो, तीच. रंगीत धाग्याची. तुह्यासमोर असंल तर वाच बरं एकदा. …इंग्रजी नको, मराठीत सांग. …हळू.

…हं. …हं. म्हणजे शेठनं सांगितलं तसंच. आधी रुईत धागा सापडला तर ते मशीन थांबवत, धागा काढत, मशीन पुन्हा चालू करत. आता थांबवायची सोय नाही. एकदा बॉयलर थंडा झाला की पुन्हा तापवायले लागते तेवढा गॅस त्यायले परवडत नाही. म्हणून एका गाठीत जरी सापडलं तरी सगळा माल परत, आणि पुढचं काम बंद. …बरोबर आहे नं?

शेठ म्हणे, बाकीचे जिनिंगवाले त्यायनं सोडून दिले. आपल्याले ठेवलं. काहून, तर आपल्या मालात त्यायले आजवर धागा सापडला नाही.

…हो. तुही माय. इंदूबाईच्या नजरेतून धागा सुटत नसे, असं शेठनं नाव घेतलं तिचं, सगळ्यायसमोर. …नाही, मी ठीक होतो. उभा होतो.

नीलम. त्या मालात चिंधी आहे.

…चिंधी. कापडाची. …असंल हातभर. निळी. …अवं, हळू बोल, ऑफिसात आहे नं तू? जिन्यात ये बरं. …ये, मी फोन धरतो.

…आली?

…नाही, खताच्या बोरीचा धागा नाही तो. चुकून पडली नाही. ठेवली. जमुनानं. …जमुनामावशी, हिवरखेडची. दुसरी कोणती जमुना आहे आपल्याकडं?

…येडी नाही झाली ती. असं बोलू नको. तुह्या मायची साडी आहे ती. दीक्षाभूमीले नेसून जाये ती निळी. ती गेल्यावर आपण साड्या वाटल्या नं तिच्या मैत्रिणीयले? तूच घड्या घालून दिल्या होत्या. निळी जमुनाले मीच दिली. तिनं पदर फाडला आणि मालाच्या शेवटच्या गाठीत ठेवला.

…काहून? तुले माहीत नाही का, इंदू काय म्हणे ते? आपली रुई समुद्रापलीकडं जाते आणि आपण फार तर नागपूर. एकदा तरी मी मालासंगं जाऊन पाहणार. …हो, तेच. बाया हसत. जमुनाच म्हणे, इंदूबाई, तुमाले गाठीत दाबून पाठवू, तिकिटाची गरज नाही. इंदू म्हणे, पाठवा, पण आधी मले निवडून घ्या, डोक्यात पांढरे केस लय झाले.

…हो. मजाकच होती.

जमुनाले वाटलं, ती नाही गेली, तिचा पदर तरी जाईल. तिले काय माहीत गॅसचं? तवा मिल चांगली चालू होती. एक चिंधी निघाली तर काढून फेकतील, आणि आपली इंदू तिथवर पोचली असंल. एवढाच विचार केला तिनं. आज शेठनं मेल सांगितला आणि ती खालीच बसली. सगळे कामाले लागले, ती उठेना. मी पाणी घेऊन गेलो, तर माह्या हाताले धरून सांगितलं.

…इथंच आहे. माह्यासमोर, सरकीच्या ढिगाजवळ. …नाही, तिले फोन देत नाही मी. तू रागात आहे. नंतर बोल, निवांत.

…मी? मी प्रेसवरच होतो नं. इंदू गेल्यावर कामावर परत आलो तो माहा पहिला दिवस होता. रोज पेटीत वाकून पाहतो आणि मग बटण दाबतो. त्या दिवशी नाही पाहिलं. …हो. पाहिलं असतं तर दिसलं असतं. निळं काय, पांढऱ्यात लगेच दिसते.

…हॅलो? …आहे नं? बोल.

…नाही. …नाही नीलम, तसं नाही करायचं. …ऐकलं मी. तू म्हणते जाऊ दे. एवढ्या गाठींत एक. कोणाले कळते. …हो, इच्छा होती तिची. …अवं, रडू नको. …बरं, रड. मी आहे इथंच.

…

…खोटं काहून बोलू, मलेही तसंच वाटलं. जमुनानं सांगितलं तवा पहिले मले बरं वाटलं. म्हटलं, निघाली इंदू. आता मूर्तिजापूर आलं असंल, आता बडनेरा, मग नागपूर, मग रेल्वेनं थेट समुद्र. प्रेसपाशी बसून तेच मोजत होतो. हसूही आलं मले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मग समोर निवडायचं टेबल दिसलं. तिची जागा अजून रिकामीच ठेवतात बाया. कोणी सांगितलं नाही, पण बसत नाही तिथं कोणी.

तुले आठवते का, तू शाळेतून सरळ जिनिंगमधे आली होती, लाल स्वेटर घालून? …हो, फाटकातूनच हाकललं तुले. आधी बदलून ये, मग माय म्हण. …तू रडत घरी गेली. मी म्हटलं, लेकरू आहे, येऊ दे. तर मलेच म्हणे, लोकर उडते, लेकरू कोणाचं आहे हे लोकरीले समजत नाही.

…हं. हस, बरं वाटते.

आणि दवाखान्यात? सलाईनसाठी हाताले पट्टी बांधली, तर सिस्टरले विचारे, बाई, हा कापूस कुठला? सिस्टर म्हणे, मावशी, आमाले काय माहीत. इंदू हात खिडकीकडं करून पाहे. बारीक डोळे करून. …धागा शोधे, अजून काय?

तिच्यासमोर ती चिंधी आली असती तर तिनं काय केलं असतं, तूच सांग. …सांग नं. …हो. काढली असती. कोणाच्या पदराची आहे हेही विचारलं नसतं.

आणि तिकडं ती चिंधी चिंधी नाही राहत, बेटा. मशीन फाडते तिले. हजार धागे होतात. कोणाच्या तरी जखमेवर जातात ते.

बरं, आता कामाचं ऐक. ती गाठ कंटेनरच्या दारातच आहे. शेवटी दाबली, शेवटी भरली. सील तोडायचं, तेवढी एक गाठ उतरवायची, नवं सील लावायचं. चार हमाल लागतील, जड असते. …कागदांत एक गाठ कमी लिहावी लागंल, हो. …तपासणीवाला पुन्हा बोलवावा लागते? आज नाही येत? …उद्या. म्हणजे आजची मालगाडी गेली. …पुढचं जहाज कधी? …एवढ्या दिवसांनी? …आणि तेल महागलं म्हणून जहाजवाल्यायनंही भाडं चढवलं. हं. एका ठिकाणी आग लागली की धूर सगळीकडंच जाते. इथंही तेच आहे, लाईटबिल पाहून शेठनं दुसरी पाळी बंद केली, तुले सांगितलं होतं.

…मिलवाले थांबतील का, ते मले काय माहीत? तुले नाही सांगता येत, मले कुठून सांगता येईल? …हो, नाही थांबले तर बायायचं काम जाते. सगळ्यायचंच जाते, अर्धं नाही. समजते मले. सकाळपासून दुसरं काय समजून राहिलो?

पण चिंधी तिकडं सापडली तरीही जाते. आणि मग ते म्हणतील, इंदूबाईच्या मालात घाण निघाली. इंदूबाईचं नाव त्यायले माहीत नाही, पण आपल्याले माहीत आहे.

…त्यायले सरळ लिही. आमच्या मालात कापड गेलं, आमच्याच लक्षात आलं, आमीच काढून राहिलो, म्हणून उशीर. …तुह्या भाषेत लिही, मले काय येते. पण हेच लिही. माणूस मेल्याचं वगैरे नको लिहू, त्याचं त्यायले काय.

आणि जमुनाचं नाव घ्यायचं नाही. …नाही म्हणजे नाही. प्रेसवाल्यानं पेटी पाहिली नाही, असं लिही. हे खोटं नाही. …माही नोकरी? पाहू. प्रेस चालवणारा दुसरा सापडला तर ठेवतील दुसरा. …अवं, मले एकट्याले किती लागते? जमुनाच्या घरी पाच तोंडं आहेत.

…शेठले मी सांगतो. तू नाही. मीच जाऊन सांगतो, तोंडावर. …आत्ताच, तुह्याशी बोलणं झालं की. …भीती वाटते, नाही काहून वाटणार? आज त्यायचा चेहराही पाहवत नव्हता. पण फोनवर नाही सांगायचं हे.

…काय? …आली? …ऐकू आला, हॉर्न मलेही ऐकू आला. मोतीरामच वाजवते तसा, म्हशी हाकलल्यावाणी. जा तू. …जा, तो कागदं मागंल, घाई करंल. सांग त्याले, देवमनभाऊनं थांबवलं. चिडला तर माह्यावर चिडू दे.

…ऐक, ऐक, एक राहिलं. गाठ तिथं उघडू नको. तुले वाटंल, चिंधी तेवढी ओढून घ्यावी. गाठीची लोखंडी पट्टी तोडली की गाठ फुगते, अंगावर येते. गाठ तशीच अकोल्याले पाठव. मी प्रेसवर उघडीन आणि जमुना काढंल.

…मग? मग तुले देतो. …नाही, मले नको. …बरं, पाहू. आधी निघू दे.

…हो. …हो, पाणी पितो. …हो, संध्याकाळी वरण-भात लावतो, तू आता जा. …नीलम, आणि सील तोडायच्या आधी फोटो काढून ठेव, कोणी उद्या म्हणायले नको… हॅलो? …हॅलो?

कटला.

…जमुनाबाई, उठा. …थांबवते म्हणाली. …नाही, सील अजून तोडलं नाही. चिंधी अजून गाठीतच आहे. आणि शेठले सांगायचं राहिलं आहे.