तात्यांची औषधी हवा

हसू नका राव, मी डोळ्यांनी पाहिलंय. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीत औषधाचा कारखाना बांधत होते आणि मी तिथे गवंड्यांच्या हाताखाली होतो. आमच्या शेजारचे तात्या रोज सकाळी त्या कारखान्याच्या भिंतीला टेकून बसायचे आणि लांब लांब श्वास घ्यायचे.

“आतल्या औषधाच्या वासानं माजा खोकला पार गेला बघ,” म्हणायचे.

मला कुठला दम निघतोय! म्हटलं, “तात्या, अजून मशिनी आल्या न्हाईत. आत नुसत्या विटा अन् चुना हाय.”

त्याच दुपारी खोकला परत सुरू. तिसऱ्या दिवशी तात्यांच्या घरच्या काकी माझ्या दारात. “म्हातारा खोकून खोकून अर्धा झाला. तूच बिघडवलंस, आता तूच नीट कर.”

गेलो आणि थाप ठोकून दिली, “तात्या, काल मशिनी आल्या. औषध चालू झालं.”

दुसऱ्या दिवशी तात्या भिंतीपाशी हजर, छाती मोकळी!

वर्षभराने कारखाना खरोखरच चालू झाला. मी धावत सांगायला गेलो, तर तात्या नाक मुरडून म्हणाले, “व्हय, पण आताच्या औषधाला पयल्यासारखा गुण न्हाई.”