पाहणीपुरता चिखल

—नको नको, चपला काढू नका साहेब, पाय भरतील तुमचे. बघताय ना घराची दशा? अवकाळीचा पूर ओसरून महिना होत आला, पण आम्ही कणभर चिखल हलवलेला नाही—पाहणी होईपर्यंत काही हलवायचं नाही म्हणतात ना! तुम्ही विमा कंपनीचे नाही ना पण? सरकारी तक्रार कार्यालयाचे? हां, मग या. कंपनीचे असतात तर पाणीसुद्धा विचारलं नसतं.

तर झालं काय, कंपनीचा तो पाहणीवाला आला सवडीनं, आणि तोवर आमच्या सूनबाईनं घर लख्ख धुऊन ठेवलेलं! फरशीत तोंड दिसेल असं! आँ? मघाशी काय म्हणाले मी? हलवला नाही म्हणाले? अहो, म्हणजे—नंतर हलवला नाही. असो. तर त्यानं दारातूनच नाक मुरडलं. म्हणे, मावशी, इथे पाणी शिरल्याची खूणच नाही, दावा नामंजूर. माझं शिलाई मशीन त्या कोपऱ्यात गंजून पडलंय ना, ते म्हणे जुनं झालं म्हणून गंजलं. जुनी तर मीही आहे, मी गंजले का? त्याच मशीनवर शाळेचे गणवेश शिवून संसार ओढला मी. आता शाळा उघडायला आल्यात, कापडाचे गठ्ठे येऊन पडलेत, आणि मी हातावर हात धरून बसलेय. लोकांचं कापड परत करायचं म्हटलं की रडू येतं हो मला. खोटं कशाला सांगू?

सुनेशी तेव्हापासून अबोला आहे माझा. तक्रार तेवढी तिनं फोनवरून टाकली म्हणा. ऐकतेय आतून, ऐकू दे! सरकारनं एवढे नियम केले—कारण लेखी दिल्याशिवाय दावा फेटाळायचा नाही, तक्रार आली की आपला माणूस पाठवायचा—पण तो माणूस येऊन बघणार काय? चकचकीत फरशी? म्हणून मग मी—नाही, म्हणून काही नाही. चहा घेणार?

अहो, भिंत खरवडू नका! ओलं? असणारच, पुराचं पाणी मुरतं भिंतीत. काय आहे ते? गांडूळ? जिवंत? पुराबरोबर आलं असेल बिचारं, रमलं इथे. छे छे, खताचा वास कुठला! ती रोपवाटिकेतली माती तर इतकी भुसभुशीत, भिंतीला धरतच नाही, दोनदा थापावी लागते—कोणाला? कोणालाही! ऐकीव हो सगळं. ही जीभ एक दिवस घात करणार माझा.

हे काय दाखवताय फोनवर? थांबा, चष्मा... अगबाई, हे तर आमचंच घर. आणि ही मी! मांडीभर पाण्यात, मशीनला मिठी मारून उभी. केस बघा, काय अवतार! कोणी काढला हा फोटो? तक्रारीसोबतच आला? सूनबाईनं पाठवला? धुवायच्या आधी सगळ्या खोल्यांचे काढले तिनं? कंपनीलाही धाडले होते, त्यांनी उघडूनच बघितले नाहीत?—मला बोलली नाही ती. बोलणार कशी, मी तोंड उघडू दिलं तर ना! आणि सरकारचा आदेशच आहे म्हणता, फोटो काढून घर धुतलं तरी चालतं, रोगराई नको म्हणून? म्हणजे तुम्ही नुसतं मशीन बघायला आलात? दावा मंजूर करा असं लिहिणार होतात? होतात म्हणजे काय साहेब? आता नाही?

साहेब, ऐका माझं. पाणी खरं, गंज खरा, मशीन बुडालं तेही खरं. चिखल तेवढा माझा. त्याची शिक्षा त्या मशीनला नका देऊ.

हसताय? हसताय ते लिहिण्यासाठी की खोडण्यासाठी? जरा मोठ्यानं वाचा... ‘मशीन पुराच्या पाण्याने निकामी, दावा योग्य.’ आणि भिंतीचं? भिंत बघितलीच नाहीत तुम्ही? नाही, मीही नाही बघितली हो!

सूनबाई! अगं ए, ये की बाहेर. रडतेस काय, वेडी का तू? दे ती बादली इकडे. दे म्हणते ना—तू बस तिथे, आज कशाला हात लावायचा नाहीस. साहेब, तुम्ही निघा बघू आता. तुमचे पाय मधेमधे येतायत माझ्या.