राशीतलं घमेलं

— नाई नाई, शर्टाले काही होत नाई, भाऊ, तुमी बिनधास्त राहा. इस्त्रीच्या आतून तडतडलं नं? तडतडते तो. बाभळीचा कोळसा राह्यला असता त गुपचूप जळला असता, हा पऱ्हाटीचा हाये — कापसाचं झाड वाळलं का त्याची पऱ्हाटी, तिचा. पोरकट हाये जरासा, तडतड करते अन् लवकर राख होते, घडीघडी भरा लागते. पण ठिणगी बाहेर येत नाई, मी पाण्याचा हात मारूनच भरतो. लगन होऊन अमरावतीत आली तवापासून ह्या लिंबाखाली उभी हावो, एका गिऱ्हाइकाचा शर्ट जळला असन त नाव बदलीन. इंदूबाई नाव माहं — मावशी म्हणा, चालते, सारेच म्हणतात. बसा तिकडं दगडावर, सावलीत. मार्चातच उन्ह पाहा कसं उठलं. अकोल्याहून आले म्हणता? मंग तुमाले मी काय उन्ह सांगू, अकोला त आमच्याहून भट्टी. एसटीत झोपून आले वाटते, शर्टाचा पार चोळामोळा केला. मीटिंग हाये म्हणता, मंग क्रीज चांगली पाह्यजे. कायची मीटिंग? शेतीची? हां, पीकविम्यावाले असान तुमी. या, या, तुमचीच वाट पाह्यतात तिकडं सारे. हासू नका, खरं सांगून राहिली.

करंटची इस्त्री काहून नाई घेत? घ्या, तुमी बी इचारलं. सारेच इचारतात. मीटर कुठून आणू, भाऊ — लिंबाले लावू काय? ही कोळशाचीच बरी, जड हाये तेवढी. संध्याकाळलोक हात उतरून जाते, खांदा असा ठसठसते का रात्री कूस बदलता येत नाई. डॉक्टर म्हणते, मावशी, वजन उचलू नका. मी म्हटलं, बरं बावा, उद्यापासून तुमी या, तुमी उचला. काय करता, थकली मी आता, खरं सांगतो — पण थकून कुठी जाता? कोळसा? कोळसा कुठून आणतो? पाहा, तुमी पयलं गिऱ्हाईक, ज्यानं कोळशाची चौकशी केली. लोक क्रीज पाह्यतात, कोळसा कोण पाह्यते. बहीण पाठवते माही. लहान बहीण, दीपमाला. अंजनगाव सुर्जीच्या अलीकडं, फाट्यावरून आत गाव हाये, माहेर आमचं. चुंगडी भरली का बंडूच्या जीपवर टाकते, बंडू इथी आणून उतरवते. इकत नाई व बाप्पा, बहीण बहिणीले इकते काय? तिच्या घरी गॅस हाये, म्हणते, अक्का, तुह्या इस्त्रीले होईन.

नाई, कोळशाची भट्टी नाई तिची. म्हणजे पाडते कोळसा, पण तिचा नाई — थांबा, ही बाही उलटी करू द्या, मंग सांगतो. गोष्ट मजेदार हाये. तुमी मोबाइलात फोटो ठिवता नं? तो मोबाइलात राह्यतच नाई म्हणे. कुठीतरी मोठमोठ्या इमारती हायेत, त्याच्यात माणूस एक नाई, नुसते कम्प्युटरच कम्प्युटर, दिवसरात चालू. अन् ते तापतात, त त्याईले थंड कराले पुन्हा मशिना. करंट किती लागत असन, इचार करा. आमच्या गावात लाइन जाते, तिकडं नाई जात. मंग त्या करंटचा धूर निंगते कुठीतरी, अन् त्या कंपन्याईच्या मनाले लागलं म्हणे, का बावा, आपण साऱ्या जगात धूर करून राहिलो. मनाले लागलं का कोणी लावलं, ते मले नाई माहीत. त त्याईनं काय काढलं — जे इकडं कोळसा पुरतात त्याईले पैसे द्याचे. कास्तकाराची पऱ्हाटी खड्ड्यात घालाची, पेटवाची, पण राख होऊ द्याची नाई. कोळसा झाला का पाणी मारून इझवाचा, शेणखतात कालवून वावरात पुरून टाकाचा. पुरला का धूर मातीत अडकला, शेकडो वर्सं वर येत नाई म्हणे. धूर तिकडं केला, इकडं पुरला, फिट्टंफाट. मी तिले म्हटलं, अव दीपे, धूर त्याईचा अन् खड्डा आमचा? त म्हणते, अक्का, काळ्या मातीले चांगलं असते, ओल धरून ठिवते. असन बावा. मातीले चांगलं असन त पुरा.

त्या कामाची मुख्य हाये ती गावात! साधी गोष्ट नाई. कंपनीनं टोपी देली, मोबाइल देला. रास लागली का फोटो, इझवली का फोटो, पुरली का फोटो — फोटो पार बंगलोरले जाते. भाऊ, आमची माय भगवंतराव पाटलाच्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी राहून इचारे, मालक, पऱ्हाटी नेऊ काय? तो 'ने' म्हणेलोक उन्हात उभीच. अन् आता त्याच धुऱ्यावर दीपमाला उभी राह्यते, अन् भगवंतरावाचा पोरगा तिले म्हणते, ताई, आमच्या वावरात कवा लावता खड्डा? ताई म्हणते, भाऊ! आमच्या बुद्धविहाराकडच्या गल्लीतल्या बाईले. मले त आयकून रडू आलं होतं. माय पाह्याले नाई राह्यली एवढंच वाईट वाटते.

बायाईचं? हां, बायाईचं काय झालं ते इचारलं तुमी, बरोबर इचारलं. अक्कल हाये तुमाले. आमच्याकडं रीत अशी होती — ज्या बायाईनं कापूस वेचला त्याईनंच पऱ्हाटी उपटाची. मालकाले वावर साफ करून भेटे, बायाईच्या चुलीची वर्साची सोय होये. आता पऱ्हाटी चालली खड्ड्यात. खड्ड्याची मजुरी भेटते, नाई कशी, पण मजुरी चुलीत घालता येते काय? गॅसची टाकी हाये घरोघरी, ते खरं. कोपऱ्यात हाये. त्याच्यावर पाहुणे आले का चहा होते. मंग चुलीले काय लावतीन बाया? त त्याईनं वाटा घेतला. अहो वाटा म्हणजे वाटा — खळ्यावर रास लागली का मोजणीच्या आधी राबणाऱ्या बाईचं सूप भरते. ज्वारी असो का तूर असो. मालक तिकडं पाह्यत बी नाई, तोंड फिरवून घेते. माह्या आजीच्या आधीपासून हाये ते. इथी कोळशाची रास लागली, त सूप नाई त घमेलं. राबली तिनं भरलं अन् नेलं. दीपमाला बी घेते, ती बी राबतेच की, ते मले पाठवते. अन् दीपे मोठी नेमाची हाये बरं, घमेल्याच्या आधी फोटो काढून घेते. रास पुरी दिसली पाह्यजे म्हणते, अर्धी रास फोटोत बरी नाई दिसत.

काय झालं? उठले काहून? चहा सांगू काय? उन्ह लागलं असन, पाणी घ्या त्या माठातलं. एकच घमेलं का? आता एक म्हणजे — कोणाच्या घरी माणसं जास्त राह्यतात, ती दोन नेत असन. कोणाच्या दाराशी कोण मोजाले बसते. मले काय माहीत, मी इथी राह्यतो. तुमी लयच इचारता, भाऊ, कोळशाचं. हा घ्या शर्ट झाला, पाहा कसा कडक. तो दुसरा कपडा द्या इकडं. टी-शर्ट हाये? टी-शर्टाले काय इस्त्री लागते, पण द्या, साहेबलोकाईचं —

हे पान. हे खिशावरचं हिरवं पान, देठाजवळ करंटची तार काढेल. हे मी पाह्यलं. हे दीपमालाच्या टोपीवर हाये.

तुमी पीकविम्यावाले नाई.

काहून नाई सांगतलं? कोळशाचं नाव निंगालं तवाच म्हणाले असते, मावशी, मी त्याच कंपनीचा — मी तोंड मिटलं असतं. तुमी आयकत राह्यले. दगडावर बसून, चांगल्या घरच्या पोरासारखे, मान हालवत आयकत राह्यले. अन् मी येडी, मले वाटलं, कोणीतरी आयकून राहिलं आपलं. पाहा भाऊ, इस्त्रीवाल्या बाईचं बोलणं मनावर नाई घ्याचं. दिवसभर उभी राह्यतो, हात चालते तसं तोंड चालते. ते घमेल्याचं काही खरं नाई. तो कोळसा मी — नाई, जाऊ द्या. खोटं बोलून काय करता, तो ह्या इस्त्रीत जळून राहिला, तुमचा शर्ट त्याच्यावरच कडक झाला.

चोरी? असं म्हणू नका. बाकी काही म्हणा. चोट्टी बाई दिवसाढवळ्या जीपवर चुंगडी टाकते काय, जीपीत बसेल सगळ्या शिटाईसमोर, 'अक्काले दे रे, बंडू' असं वरडून? तिले कोणी सांगतलंच नाई का ह्या राशीत बाईचा वाटा नाई. फोटो कसा काढाचा ते शिकवलं, टोपी कशी घालाची ते शिकवलं — रास कोणाची, ते नाई सांगतलं. पऱ्हाटी कास्तकाराची, राबणं बायाईचं, त त्याईले वाटलं रास बी तशीच. कम्प्युटरची रास हाये हे कोणाच्या टकुऱ्यात येईन, भाऊ? तुमच्या आलं असतं काय?

समजते मले. एवढी अडाणी नाई मी. त्याईनं तिकडं हिशोब धरला का धूर पुरला, अन् तो पुरलाच नाई, तो ह्या लिंबाखालून वर चालला. धूर दोनदा झाला. तुमी हे कंपनीले नाई लिवलं अन् मांगून कोणाले समजलं त तुमचीच नौकरी जाईन — हो, घरी कोणी असन तुमच्या बी. पण लिवलं त काय होईन ते बी आयका. काम बंद होईन, तुमी दुसऱ्या गावाले जासान. पऱ्हाटी येईन काय बायाईले परत? नाई येत. भगवंतरावाच्या पोरानं मशीन पाहून ठिवली हाये, ट्रॅक्टरले लावली का पऱ्हाटीचा जाग्यावर भुसा करते. चूलही गेली अन् मजुरीही गेली. अन् दीपमाला? तिनं धुऱ्यावर उभं राहून सांगाचं अन् बाकीच्याईनं आयकाचं, हे कोणाकोणाच्या पोटात किती दुखते, तुमाले काय माहीत. ते वाटच पाहून राहिले. पाह्यलं, म्हणतीन, टोपी घातली अन् चोट्टी निंगाली. टोपी काढून घ्या तुमी, भाऊ, पण ते एक नाव तिच्यावर —

थांबा. फोन हाये. तिचाच हाये.

हां, बोल दीपे. ... जेवली, जेवली. ... उद्या? कोण साहेब? ... बरं. ... अकोल्याहून येऊन राहिले काय. ... सारवून घेतलं? साऱ्या बायाईनं? ... अव, रोडगे कायले, एवढा कुटाणा, पोह्यावर भागलं असतं. ... हो, वांग्याची भाजी चांगली होते त्याच्याबरोबर. ... निळ्या काठाची? नाई व, राह्यलीच, इथीच हाये गठ्ठ्यात. करतो आता. ... आवाजाले काही नाई झालं, उन्ह हाये. ... नाई, कोणी नाई. गिऱ्हाईक हाये एक. ... हो माय, चांगलेच असतीन. ... ठिव.

आयकलं? गोवऱ्या पेटवून तुमच्यासाठी रोडगे भाजून राहिली ती उद्या. तुमच्यासमोर मी काय सांगू तिले? सरका थोडे, साडी घेऊ द्या. हीच ती. नागपूरले दीक्षाभूमीले गेलो होतो दोघी, तवा घेतली. काम भेटलं त्या दिवशी हीच नेसली होती, साहेब येतीन त्या दिवशी हीच नेसीन म्हणे.

काय म्हणता? तुमी नेता? उद्या तिकडंच जाऊन राहिले, देऊन देता तिच्या हाती? ... चांगले हाये तुमी, भाऊ. वाईट नाई, मले दिसते. थांबा, घडी मारून देतो, काठ आत राह्यला पाह्यजे.

एक इचारू? साडी तिच्या हाती देसान. ताई म्हणसान. रोडगे खासान, ती वाढीन, तुमी नाई नाई म्हणसान, ती अजून वाढीन. अन् मंग गाडीत बसल्यावर मोबाइलात काय लिवसान?

नाई, सांगा. मी रागवत नाई. एवढं सांगा.

...

हं.

लिवसानच म्हणता. मंग राहू द्या. साडी मीच नेतो. आजच जातो, दुपारच्या गाडीनं — तिले पयले माह्या तोंडून समजू द्या. टी-शर्ट घ्या तुमचा, तसाच घ्या, मले जमत नाई तो. अन् सरका बाजूले, निखारे खाली करतो मी, पायावर पडतीन.