थुंकायची बादली

जॉर्जियातल्या तेलावीच्या बसथांब्यावर माझ्यापुढे त्सिउरी आणि तिची भावजय लामारा उभ्या होत्या.

"वन्सं, तुमच्या द्राक्षमळ्यावर शहरातले पाहुणे आले होते म्हणे?"

"आले होते ना, वाईन चाखायला. ह्यांनी जमिनीत पुरलेला रांजण उघडला. मामंजींच्या आठवणीने प्याला उचलला, बोलता बोलता रडलेसुद्धा."

"मग?"

"पाहुण्यांनी घोट तोंडात घोळवला आणि बादलीत थुंकला."

"मेलेल्या माणसाच्या नावाचा घोट?"

"चाखायची रीतच तशी असते म्हणे."

"आणि भावोजींनी ऐकून घेतलं?"

"ऐकतात कसले. आता बादली मागणारे आले की हे मामंजींचं नाव काढत नाहीत. मेहुण्याच्या नावाने प्याला उचलतात."

"म्हणजे आमच्या ह्यांच्या?"

"हो. परवा बादली दोनदा रिकामी करावी लागली."