मांडवातला उखाणा

इतवारीतल्या कासाराकडं गोपिकाबाई बांगड्या भरायला थांबल्या होत्या. शेजारी, मोटारीतून उतरलेल्या लकडगंजच्या लाकूडवाल्यांच्या दोघी लेकी लग्नाच्या चुड्यासाठी बसल्या होत्या.

“ताई, खाप्याले हळदीकुंकवात एका बाईनं उखाण्यात बापूजीचंच नाव घेतलं.”

“नावासारखं नाव असते वं.”

“उखाणाही तोच. बापूजीनं आईले लग्नात जुळवून देल्ला, तो.”

“आईनं ऐकला?”

“तिच्या बाजूलेच तं बसली होती.”

“अवं माय! परवा तुह्या मांडवात साऱ्या बाया आईले नाव घ्या म्हणतीन!”

कासारानं बोलावलं. गोपिकाबाईंनी मागच्या बाईला पुढं जाऊ दिलं.

“मंग, आई काय म्हणते?”

“‘घेईन,’ म्हणे. ‘पण खाप्याच्या तिलेही बोलवा. तिचं झाल्यावर घेईन.’”